मनाचे शास्त्र शिकताना: विषय कोणता घ्यावा?



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे विषय विचारायला आले, तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर बोलणार असे ते धरूनच आले होते. मी म्हणालो, ‘यंदा मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचे आहे. विद्यापीठातल्या वरच्या वर्गात मनाचे शास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी विषय कोणते निवडावेत, यावर.’ ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांचे पाहणे रास्तच होते. आठवीत शाळा सोडलेला मी माणूस. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील साचेवाले, त्यांचा साचा बंद झाला तो पुन्हा सुरू झालाच नाही. पुढे मी रात्रशाळेतून दहावी झालो, आणि उरलेले शिक्षण नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातल्या बाकावर बसून केले. अशा माणसाने एम.एससी.च्या विषयांवर बोलावे हे थोडे धाडसाचेच आहे. पण हा प्रश्न मी शोधत गेलो नाही. तो माझ्या घरी चालत आला.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची घरी आली. ती परगावी एका विद्यापीठात ज्याला ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ म्हणतात ते शिकते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, इथेच पलीकडच्या चाळीत राहते. वडील नोकरीतून निवृत्त झालेले आणि शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले. पोरीने माझ्यापुढे एक कागद ठेवला. पुढच्या सत्रासाठी त्यावर सहा विषय होते, त्यांतले दोन घ्यायचे होते आणि चार दिवसांत कळवायचे होते. बहीण म्हणाली, ‘दादा, तू इतकी पुस्तके वाचतोस, तूच सांग हिला.’ तिचे वडील म्हणाले, ‘ज्यात नोकरी लागेल ते घे.’ पोर काही बोलली नाही. ते चार दिवस आमच्या घरात जो वाद झाला, त्याचा वृत्तांत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी मुले आहेत. विषयांची नावे वेगळी असतील, पण पेच हाच आहे.

प्रथम हे शास्त्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मराठीत याला बोधनविज्ञान म्हणतात. माणूस पाहतो, ऐकतो, लक्षात ठेवतो, बोलायला शिकतो, हिशेब करतो, निर्णय घेतो. हे सारे तो कसे करतो, याचा शोध घेणारे हे शास्त्र. मनाच्या आजारावर उपचार करणारे शास्त्र ते निराळे. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र अशा सहा घरांतून या शास्त्राची माणसे आली. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इथे एक परिषद भरली होती. तिथे मिलर नावाचे मानसशास्त्रज्ञ, चॉम्स्की नावाचे भाषाशास्त्रज्ञ आणि संगणकाकडून तर्कशास्त्रातली सिद्धता करून घेणारे न्यूवेल व सायमन एकाच सभेत आले. पुढे मिलर यांनी तोच या शास्त्राचा जन्मदिवस मानला. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठात २००२ साली या शास्त्राचे केंद्र निघाले. गांधीनगरच्या आयआयटीत एम.एससी. करता येते. आणि आपल्या मुंबईत काहीच नाही असे समजू नका. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ सालचा आहे, आणि मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुले कशी शिकतात याचे संशोधन तिथे चालते.

आता माझे स्वतःचे या शास्त्रात काय अडले आहे, ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचा वाद आपल्याला कळणार नाही.

वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात, नाव घेत नाही, आमच्या युनियनचा एक सभासद प्रेस मशीनवर होता. रात्रपाळी संपली, बदली माणूस आला नाही, म्हणून त्याला पहिल्या पाळीलाही थांबवून घेतले. पंधराव्या तासाला त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. पैशांचे म्हणाल तर १९४८ च्या राज्य विमा कायद्याखाली त्याला अपंगत्वाचा लाभ मिळाला. तिथे चूक कोणाची हे विचारत नाहीत. पण कारखान्याने त्याच्यावर निष्काळजीपणाबद्दल खातेनिहाय चौकशी लावली. चौकशी अधिकाऱ्याने विचारले, ‘तुझे लक्ष नव्हते ना?’ तो सरळ माणूस. म्हणाला, ‘नव्हते, साहेब.’ मी उठून सांगितले की, पंधरा तास उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष राहणार कसे? त्यावर अधिकारी शांतपणे म्हणाला, ‘याला आधार काय? याच माणसाने गेल्या महिन्यात दोनदा डबल पाळी केली, तेव्हा काही झाले नाही.’ बंधूंनो, मी सभेत दोन तास बोलू शकतो. पण त्या टेबलापाशी मला एक वाक्य सुचले नाही. ठपका कायम झाला, नोकरी गेली. तो आता गावी असतो. कधी भेटला तर स्वतःच म्हणतो, ‘माझेच लक्ष नव्हते, दादा.’

पुढे काही वर्षांनी ग्रंथसंग्रहालयात वाचताना मला मॅकवर्थ नावाच्या इंग्रज संशोधकाचा पत्ता लागला. दुसऱ्या महायुद्धात विमानातून रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुड्या शोधणारी माणसे तासन्‌तास पडद्याकडे पाहत असत आणि समोर दिसलेली खूण त्यांच्याकडून सुटत असे. मॅकवर्थने एक घड्याळ केले. त्याचा काटा ठरावीक टप्प्याने सरके आणि अधूनमधून एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचे. माणसे दोन तास बसवली. पहिला अर्धा तास संपतो न संपतो तोच उड्या सुटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. १९४८ साली हे छापून आले. ही धडधाकट, तरुण, मन लावून काम करणारी माणसे होती. म्हणजे लक्ष ढळणे हा स्वभावाचा दोष नव्हे. लक्षालाही पाळी असते. मी ज्या वर्षी त्या टेबलापाशी गप्प उभा होतो, त्याच्या पन्नास वर्षे आधी माझे उत्तर छापलेले होते. आणि शीवला, आपल्या भोईवाड्यापासून बसने थोड्याच अंतरावर, केंद्रीय श्रम संस्था १९६६ पासून उभी आहे. तिथे औद्योगिक मानसशास्त्राचा विभाग आहे. तिच्यासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण आत जाऊन विचारावे हे मला सुचले नाही. हा दोष माझा.

आता तो सहा विषयांचा कागद. एकेक विषय घेऊ.

पहिला विषय ‘लक्ष आणि स्मृती’. मॅकवर्थचे काम याच घरातले. मिलर यांनी १९५६ साली दाखवले की माणूस एका वेळी मनात साधारण सातच गोष्टी धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त. या विषयात प्रयोग करावे लागतात. माणसे बसवायची, वेळ मोजायची, चुका मोजायच्या आणि संख्याशास्त्राने निष्कर्ष काढायचा. काम कंटाळवाणे, पण हात पक्का होतो.

दुसरा ‘भाषा आणि मन’. याचे एक उदाहरण प्रत्येक घरात आहे. तीन वर्षांचे पोर म्हणते, ‘मी करलं.’ आई दुरुस्त करते, ‘करलं नव्हे, केलं.’ ते पुन्हा ‘करलं’ म्हणते. हा शब्द त्याने कोणाकडून ऐकला असेलच असे नाही. ‘मारलं, धरलं, भरलं’ ऐकून त्याने स्वतःच नियम बसवला आणि तो ‘कर’ला लावला. म्हणजे पोर पोपटपंची करत नाही, व्याकरण बांधते. या चुकीत केवढी बुद्धी आहे पाहा! हा विषय घेणाऱ्याला भाषाशास्त्राचा पाया लागतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शास्त्राची जुनी परंपरा आहे. आणि ज्या मुलाच्या कानावर लहानपणापासून घरची मालवणी, शाळेतली मराठी, बाजारातली हिंदी आणि ऑफिसातली इंग्रजी पडली, तो या विषयात भांडवल घेऊनच येतो.

तिसरा ‘मेंदूविज्ञान’. याची मोहिनी फार. मेंदूच्या चित्रात लाल-पिवळे ठिपके दिसतात आणि वाटते, इथे विचार चालला आहे. पण त्या यंत्राला विचार दिसत नाही. मेंदूच्या ज्या भागाला काम पडते तिथल्या रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण बदलते. तो बदल यंत्र टिपते आणि बाकीचे गणिताने काढावे लागते. गिरणीच्या धुराड्याकडे पाहून आत काम चालू आहे एवढे कळे; कुठल्या साच्यावर कुठले कापड निघते आहे ते कळत नसे. विषय थोर आहे, पण जीवशास्त्राचा पाया नसेल तर पहिल्याच महिन्यात धाप लागते.

चौथा ‘संगणकी प्रतिमाने’. मनाचे एखादे काम, उदाहरणार्थ चेहरा ओळखणे, संगणकाकडून करून घ्यायचे आणि ते माणसासारख्याच चुका करते का ते पाहायचे. एका चुकीपासून मागे मागे जात जाळ्यातला प्रत्येक दुवा सुधारण्याची जी रीत आहे, तिच्यावर रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स या तिघांनी १९८६ साली लिहिले. त्यांतल्या हिंटन यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुमेलहार्ट मूळचे मानसशास्त्रज्ञ. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिचे एक मूळ मनाच्या शास्त्रात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या विषयाला गणित लागते, आणि पगारही बरा मिळतो.

पाचवा ‘तर्क आणि निर्णय’. माणूस अंदाज करताना ठरावीक जागी ठरावीक रीतीने चुकतो, हे कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७० च्या दशकात दाखवले. २००२ साली कानेमान यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्वर्स्की तोपर्यंत हयात नव्हते. दुकानदार दोनशेऐवजी एकशे नव्व्याण्णव का लिहितो, हा या विषयाचा प्रश्न. दुकानदाराला उत्तर आधीच ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी!

सहावा विषय ‘कामाच्या जागेवरचे मन’. हा पाहताच माझे डोळे लकाकले. सिल्व्हिया स्क्रिब्नर या बाईंनी अमेरिकेतल्या एका दुग्धशाळेत जाऊन १९८० च्या सुमारास अभ्यास केला. तिथे खोक्यांत दुधाची पाकिटे भरणारे कामगार होते, कमी शिकलेले. हाती आलेली मागणी ते कागदावर लिहिली होती तशी भरत नसत. अर्धे भरलेले खोके जवळ असेल तर त्यात टाकून किंवा त्यातून काढून, कमीत कमी वाकून मागणी पुरी करीत. म्हणजे पाठ वाचवण्यासाठी डोक्यात गणित करीत. तीच गोष्ट नवख्या माणसांना आणि शाळेतल्या मुलांना करायला सांगितली तेव्हा ती मुकाट्याने मोजत बसली. आपल्या शेजारी धारावीतही असे काम झाले आहे. होमी भाभा केंद्रातले अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी तिथल्या महापालिका शाळेतल्या मुलांच्या व्यवहारी गणिताचा अभ्यास केला. घरी किंवा कारखान्यात हाताखाली काम करणारी ही मुले तोंडी हिशेब कसा करतात आणि शाळेच्या गणिताशी त्याची सांगड कशी बसते किंवा बसत नाही, हे त्यांनी पाहिले. हचिन्स नावाच्या संशोधकाने जहाजावरच्या खलाशांचा अभ्यास करून १९९५ साली ग्रंथ लिहिला. जहाज कुठे आहे हे कोणा एकाच्या डोक्यात नसते, ते अनेक माणसे, नकाशे आणि खुणा मिळून काढतात, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी जहाजावर जायला नको. दादर स्टेशनावर दुपारी डबेवाल्यांकडे पाहा. डब्यावरच्या खुणेत उतरण्याचे स्टेशन, इमारत, मजला सारे असते. पण डब्याचा सबंध प्रवास कोणा एकाने पाठ केलेला नसतो.

मी भाचीला म्हणालो, ‘पोरी, यात विचार करायचे काही नाही. सहावा घे. तुझे आजोबा साच्याच्या आवाजावरून तार तुटल्याचे ओळखत; शेकडो साचे एकदम चालू असताना! ती विद्या कोणी लिहून ठेवली नाही, गिरण्यांबरोबर गेली. ती तू लिही. आणि दुसरा, लक्षाचा घे.’ मी हे जरा मोठ्यानेच बोललो असेन. तिचे वडील म्हणाले, ‘कर्जाचा हप्ता साच्याच्या आवाजावर फिटत नाही. ती संगणकाचा घेईल.’ आमचे बरेच वाजले. पोर उठून गॅलरीत गेली.

रात्री तिने मला विचारले, ‘मामा, त्या चौकशीचे कागद अजून तुमच्याकडे आहेत का?’ युनियनचे कागद मी टाकत नाही. पत्र्याच्या ट्रंकेतून ती फाइल काढली. तिच्यात कारखान्याने चौकशीत दाखल केलेले उत्पादनाचे तक्ते होते: तीन महिन्यांचे, तासागणिक माल किती निघाला आणि खराब किती निघाला, असे. ते मी त्या वेळी पाहिले होते आणि कारखान्याचे कागद म्हणून बाजूला सारले होते. पोर दोन दिवस ते तक्ते संगणकात भरत बसली. तिसऱ्या दिवशी तिने एक आलेख काढून दाखवला. डबल पाळीच्या दिवशी, माणूस कोणीही असो, दहाव्या तासानंतर खराब मालाची रेघ वर चढत होती. त्या एकट्या माणसाची नव्हे, सगळ्यांची.

भगिनींनो आणि बंधूंनो, मला काय वाटले असेल याची कल्पना करा. पुरावा मागणाऱ्याने स्वतःच पुरावा टेबलावर ठेवला होता आणि तो वीस वर्षे माझ्या पलंगाखाली पडून होता.

मी म्हणालो, ‘म्हणजे आपली बाजू सिद्ध झाली!’ त्यावर पोर काय म्हणाली ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती म्हणाली, ‘नाही मामा. एवढ्याने सिद्ध होत नाही. डबल पाळीचा दहावा तास म्हणजे सकाळची वेळ. तेव्हा कच्चा माल बदलत असेल, साहेब आल्याने कामाचा वेग वाढत असेल. एकेरी पाळीच्या माणसांचे त्याच वेळचे आकडे याच्याशेजारी ठेवून पाहावे लागतील.’ मग तिने तेही पाहिले. ताज्या दमाच्या माणसांची रेघ त्या वेळी इतकी चढत नव्हती. तरी ती म्हणाली, ‘आता बोलायला आधार आहे, एवढेच.’ मला आधी राग आला. नंतर समजले की, त्या अधिकाऱ्याने जो प्रश्न विचारला असता तो तिने स्वतःच आधी विचारून घेतला होता. शिक्षण म्हणतात ते हे.

मग तिने आपला निर्णय सांगितला: लक्ष आणि स्मृती हा एक, संगणकी प्रतिमाने हा दुसरा. सहावा नाही. मी विचारले, ‘का?’ ती म्हणाली, ‘मामा, तुम्ही त्या दिवशी हरलात ते तुमच्याकडे प्रश्न नव्हता म्हणून नव्हे, तक्ता वाचता आला नाही म्हणून. आता तुमच्याकडे घरपोच माल पोचवणारी पोरे येतात. कोणाला किती वेळात पोचायचे, कोणाला काम कमी द्यायचे, हे त्यांच्या बाबतीत संगणक ठरवतो. त्याचे गणित वाचणारे तुमच्या बाजूला कोण आहे? कामाच्या जागेवरचे मन मला तुम्ही सांगाल, आजोबांच्या गोष्टी आई सांगेल. गणित मला चाळीत कोणी शिकवणार नाही.’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खोटे कशाला सांगू, थोडे वाईटही वाटले. मला ती माझे राहिलेले काम पुरे करणारी हवी होती. तिच्या वडिलांना ती कर्ज फेडणारी हवी होती. आम्ही दोघेही तिच्या विषयाची निवड आपापल्या गरजेपुरती करत होतो. तिने निवड केली ती आपल्याला काय येत नाही, ते पाहून.

या चार दिवसांतून मी जे शिकलो ते आता विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी सांगतो.

एक म्हणजे, विषयाच्या नावावर जाऊ नका. त्या विषयात सत्रभर हाताने काय करावे लागते ते विचारा. नुसते वाचन आहे, का प्रयोग आहे, का आकडे मांडणे आहे? वरच्या वर्गात असलेल्या मुलांना जाऊन विचारा. छापील पत्रकापेक्षा ती खरे सांगतात.

दुसरे, पाया तपासा. जीवशास्त्र नसता मेंदूविज्ञान आणि गणित नसता प्रतिमाने घेऊ नयेत असे मी म्हणत नाही; पण तो पाया सुटीत घालून घ्यावा लागेल हे ठाऊक असू द्या. आमच्यासारख्या घरांतली मुले पुष्कळदा विषयात कमी पडत नाहीत, पायरी गाळल्यामुळे पडतात आणि दोष बुद्धीला देतात.

तिसरे, दोनच विषय घ्यायचे असतील तर एक प्रश्नाचा घ्यावा आणि एक हत्याराचा. दोन्ही प्रश्नाचे घेतले तर माणूस माझ्यासारखा होतो. कळकळ पुष्कळ, हाती काही नाही. दोन्ही हत्याराचे घेतले तर हत्यार कोणाच्या कामी येते याचा विसर पडतो.

चौथे, हे शास्त्र कोणाच्या पैशावर वाढले ते पाहत जा. मॅकवर्थचा प्रश्न लष्कराने विचारला होता. अहमदाबादेत १९५३ साली कॅलिको गिरण्यांपैकी जुबिली मिलमध्ये राइस नावाच्या इंग्रज संशोधकाने काम केले. स्वयंचलित साचे आले होते, पण उत्पादन अपेक्षेइतके निघत नव्हते. २२४ साच्यांवर २९ माणसे बारा निरनिराळी कामे करीत, आणि कोण कोणाबरोबर आहे याचा मेळ नव्हता. राइसने गटाची कल्पना मांडली. तिथले कामगार आणि मुकादम यांनी ती उचलून आपणहून सात-सात जणांचे गट केले, एकेक गट चौसष्ट साच्यांचा. उत्पादन वाढले आणि खराबी घटली. १९५८ साली त्यावर ग्रंथ निघाला. त्या संशोधकाला बोलावले होते गिरणीच्या मालकांनी. कामगारांच्या युनियनने नव्हे. मालकाने प्रश्न विचारला म्हणून उत्तर खोटे ठरत नाही. तेच उत्तर आपल्याही कामाचे असते. पण आपण प्रश्नच विचारला नाही तर आपल्या प्रश्नाचे उत्तर कोण काढणार?

आणि शेवटचे पालकांना. नोकरीचा विचार करणे यात लाज नाही. कर्ज हे खरे असते, त्याचा हप्ता खरा असतो. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ असे कर्ज नसलेल्या माणसाने सांगावे हे मला पटत नाही. पण मुलाला ‘नोकरी लागेल ते घे’ म्हणण्याआधी एवढे विचारा: ‘तुला कशाचे उत्तर काढावेसे वाटते?’ आमच्या घरात चार दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नाही, मीही नाही. पोरीनेच आम्हाला उत्तर दिले, न विचारता.

आपला हा भाग मोठा गमतीचा आहे. इथे ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. त्याच जोशींनी १९२० साली आयटक उभी करण्यात पुढाकार घेतला. शाळा आणि युनियन ही एकाच हाताची कामे होती. मधल्या काळात आम्ही युनियनवाल्यांनी शाळेचे काम सोडून दिले. शिकलेली मुलेही चाळ सोडून गेली. युनियनच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ तक्ते वाचायचा वर्ग सुरू करावा असे माझ्या मनात आहे. कोणाचे मूल संख्याशास्त्र शिकत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. चहा आमच्याकडून.

मे महिन्यात मी त्या प्रेस मशीनवाल्या माणसाच्या गावी जाणार आहे. नोकरी आता परत मिळणार नाही, बोटेही नाहीत. पण तो कागद बरोबर नेणार आहे. त्यावरची रेघ त्याला समजेल की नाही कोण जाणे. मलाच समजायला दोन दिवस लागले. तरीही त्याच्याजवळ बसून दहाव्या तासावर बोट ठेवून दाखवणार आहे.